आस्लाकचं नाक

डिसेंबर लागला की आमच्या स्वयंपाकघराचा दवाखाना होतो. नाताळाची बिअर बिघडली की वोसच्या या खोऱ्यातला जो तो बरणी नाहीतर किटली घेऊन आमच्या दारात उभा. माझा नवरा आस्लाक खिडकीपाशी बसतो, प्याला नाकाशी धरतो, डोळे मिटतो आणि निदान सांगतो. "लोण्याचा वास मारतोय. घाई केलीस, पिंपात अजून दोन दिवस राहू द्यायची होती." किंवा "औषधाच्या पट्टीसारखा वास येतोय. पिंप कशानं धुतलंस? त्या नव्या पावडरीनं? मग भोग आता." लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन तो सांगेल ते करतात. चाळीस वर्षं असंच चाललंय.

आता खरं सांगते. आस्लाकला वास येतच नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी अंगणातल्या बर्फावरून घसरला, डोकं मागून आपटलं आणि नाक गेलं ते गेलंच. आंबट-कडू जिभेला कळतं, बाकी सगळं कोरं. कॉफी करपली तरी पत्ता नसतो. तेव्हापासून वास मी घेते. प्याला त्याच्याकडे देताना माझ्या नाकाखालून नेते आणि चुलीकडे वळून खूण करते. ॲप्रनला हात पुसले तर लोणी, केस मागे सारले तर पट्टी, कान खाजवला तर गोठा. म्हातारा तिरक्या नजरेनं बघतो आणि बोलतो. लोक म्हणतात, काय नाक आहे! पहिल्या वर्षी मला मौज वाटली. यंदा मात्र कंटाळा हाडांत शिरलाय. सत्तरीला आलेली बाई मी, दिवसभर दुसऱ्यांची नासलेली बिअर हुंगत उभी असते, आणि कौतुक त्याचं.

या वर्षी पहिला मोन्स आला. वरच्या वाडीचा, पन्नाशीचा, चांगला माणूस. किटली टेबलावर ठेवून म्हणाला, "आस्लाक, बघ रे बाबा काय झालंय. बायको म्हणते घरात मेंढ्या आणून बांधल्या की काय."

मी वास घेतला आणि कान खाजवला.

"गोठ्याचा वास," आस्लाक म्हणाला. "पिंप कुठलं वापरतोस?"

"आजोबांचं. ओकचं."

"तेच. लाकडात मुरलंय ते. कितीही उकळतं पाणी ओत, जायचं नाही. फेकून दे."

मोन्सनं किटलीचं झाकण लावलं. मग "तू म्हणतोस तर..." म्हणून उठला.

त्या आठवड्यात आणखी तीन घरांतून तीच तक्रार आली. तीनदा मी कान खाजवला. आस्लाकनं एकाला पाण्याचा दोष दिला, एकीला अस्वच्छ म्हणून झापलं, तिसऱ्याला बिअरच्या पाण्यात उकळलेल्या जुनिपरच्या फांद्या कुजक्या होत्या म्हणून सांगितलं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते आणि वळायचं धाडस होत नव्हतं. कारण त्या चारही घरांत एकच गोष्ट सारखी होती. यीस्ट आमचं होतं.

आमच्या घरचं यीस्ट म्हणजे आस्लाकच्या आजोबांच्याही आधीचं. लाकडी कड्यावर वाळवून माळ्यावर टांगलेलं असतं. सप्टेंबरात शेजारीपाजारी त्यातला तुकडा मागायला येतात, त्याआधी आस्लाक ते खाली आणून माझ्या नाकाशी धरतो. या सप्टेंबरात त्यानं धरलं तेव्हा मी दोन दिवस डोंगरावरून मेंढ्या हाकून नुकतीच परतले होते. बूटसुद्धा काढले नव्हते. मला गोठ्याचा हलका वास आला. पण स्वेटरला, केसांना, हातांना, सगळ्यालाच मेंढ्यांचा वास होता. अंघोळ करून परत हुंगायला हवं होतं. अंगात त्राण नव्हतं.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

त्यानं सात घरांना तुकडे दिले. आमची बिअर आम्ही सगळ्यात शेवटी करतो, त्यामुळे आम्हाला कळायला मार्गच नव्हता.

तरीही मी गप्पच राहिले असते, लाज वाटते पण खरंय. सांगितलं असतं तर आस्लाक तोंडघशी पडला असता, आणि या वयात त्याच्याकडे त्या नावाशिवाय दुसरं आहे काय? पण रविवारी दूध घ्यायला गेले तर मोन्सच्या अंगणात करवत चाललेली. आजोबांच्या पिंपाच्या फळ्या त्यानं सरपणाच्या मापानं कापून भिंतीशी नीट रचल्या होत्या. "जळताना छान वास येतो हो ओकचा," तो म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही.

घरी आले आणि कोट न काढताच बोलले. "पिंप नाही, पाणी नाही, कुणी घाणेरडं नाही. आपलं यीस्ट बिघडलंय. मला सप्टेंबरात वास आला होता."

आस्लाक बटाटे सोलत होता. सुरी खाली ठेवली. "मग सांगितलं का नाहीस?"

"दमले होते."

"एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. त्यानं सोललेले बटाटे पाण्यात टाकले. मग हात पुसले, फोन घेतला आणि माझ्यासमोर एकेक करून सातही घरांना लावला. मोन्सला सगळ्यात आधी.

"मोन्स, तुझ्या पिंपात काही दोष नव्हता. माझं यीस्ट खराब होतं... नाही, ऐकून घे. मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. गुन्वोर घेते वास, मी नुसता बोलतो... हो, मूर्खच आहे मी. माझ्या वडिलांचं पिंप घेऊन जा. आजच ये, नाहीतर मन बदलेल माझं."

सातव्या फोननंतर त्याचा आवाज बसला. मी कॉफी दिली, ती त्यानं नुसती हातात धरून ठेवली. माझ्यावर एका शब्दानं ठपका ठेवला नव्हता त्यानं, कुणाकडेच. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यापलीकडे रान्वेइगकडे गेलो. पंधरा वर्षांपूर्वी आस्लाकनं तिला आपलं यीस्ट दिलं होतं आणि तिनं ते दर हिवाळ्यात वापरून जपलं होतं. रान्वेइगनं कडं टेबलावर ठेवलं. "घ्या. तुमचंच आहे. माझं चांगलं उतरलं यंदा, पण तुम्ही पारखून घ्या."

आस्लाकनं ते उचललं आणि रान्वेइगदेखत माझ्यासमोर धरलं. चुलीकडे वळायची गरज नव्हती. "कसं आहे?"

"थांब," मी म्हटलं. स्वेटर काढून बाहेरच्या खुंटीला अडकवला. हात साबणानं दोनदा धुतले. मग तशीच अंगणात जाऊन बर्फात उभी राहिले, नाकात नुसती थंडी भरेपर्यंत. दात वाजायला लागले. रान्वेइग दारातून ओरडली, "अगं बाई, मरशील!" मी आत आले, कडं घेतलं, एकदा हुंगलं, श्वास सोडला, परत हुंगलं. संत्र्याच्या सालीचा वास. लग्न होऊन आस्लाकच्या घरात आले त्या पहिल्या नाताळात आला होता तसाच. दुसरं काही नाही.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

तेच दोन शब्द. बोलून झाल्यावर ते माझ्याच कानाला टोचले आणि मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

आस्लाकनं खिशातून रुमाल काढून टेबलावर पसरला. "रान्वेइग," तो म्हणाला, "आठ तुकडे कर. सात घरांना, आणि एक आम्हाला."

मला त्यानं पुन्हा विचारलं नाही.