तिसरा आग्रह

व्हिएन्नाहून आलेल्या डॉक्टर कोल्मारनी गॉलवे या आयरिश शहरातल्या कॉलेजातली अडगळीची खोली रिकामी करवून तिची प्रयोगशाळा केली. त्याआधी तिथलं भौतिकशास्त्र म्हणजे फळ्यावर लिहायचं आणि परीक्षेत उतरवायचं. आता डोंगरावर पेटी नेऊन आकाशातून येणारे किरण मोजायचे होते. देशात हे कुणी केलं नव्हतं.

शुक्रवारी चहाच्या वेळी त्यांनी फिंटन हेशनला विचारलं, माझ्याबरोबर काम कराल का? शिकवायला लागल्यापासून फिंटन याच दिवसाची वाट पाहत होता. तो म्हणाला, "छे, मला कुठलं जमतंय!"

कोल्मार "बरं" म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरच्या डर्कनला विचारायला गेले.

फिंटन हातात बिस्किट धरून बसून राहिला. माणूस रागावला की काय? की विचारलं तेच वरवरचं? साधा चहा दिला तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप घ्यायचा, हे कुणाला शिकवावं लागतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या बायकोने, नोरीनने, समजावलं असतं. पण ती जानेवारीत वारली, आणि तेव्हापासून लोकांच्या बोलण्याचा अर्थच त्याला नीट लागत नव्हता.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर नोरीनच्या थोरल्या बहिणीने, ब्रिडीने, त्याचा उतरलेला चेहरा पाहून सगळं काढून घेतलं.

"तू नाही म्हणालास, त्याने ऐकलं. त्याचं काय चुकलं?"

"पुन्हा विचारायला नको?"

"नोरीनने लग्नाचं विचारलं तेव्हाही तू दोनदा हेच म्हणालास. तिसऱ्यांदा विचारायला ती बिचारी पावसात सायकल हाणत आली. हा कोल्मार काय तुझी बायको आहे?"

फिंटनला हसावं की रडावं कळेना.

सोमवारी तो प्रयोगशाळेत गेला. कोल्मार पेटीला झाकण बसवत होते.

"शुक्रवारचं ते 'नाही'... 'नाही' नव्हतं," फिंटन म्हणाला.

"मग काय होतं?"

"मला यायचंय," एवढंच तो म्हणाला.

कोल्मारनी झाकण बाजूला ठेवलं. "डर्कनही नाही म्हणाला. इथे कुणालाच हे काम नको, असं मी व्हिएन्नाला कळवणार होतो. त्यालाही यायचंय का?"

"अजून दोनदा विचारून बघा."

कोल्मारनी गोंधळून मान हलवली, किटली उचलली आणि विचारलं, "चहा?"

फिंटनने तोंड उघडलं, आणि काय म्हणावं ते त्याला सुचेना.