आवाजाचा डबा आणि खाऊचा डबा

“कान गेलाय तुमचा, बू!” वुलान सासूला म्हणाली, “उगाच डब्याला दोष देऊ नका.”

“माझा कान? अगं, पलीकडच्या गल्लीत रेडिओ खरखरला तर इथे बसून सांगेन मी, कुठला सांधा सुटलाय ते!”

“मग डावीकडून गाणं का येत नाही?”

“ते डब्याला विचार.”

विचारलंच आहे तर बोलतो. मीच तो डबा.

मालांग गावच्या या घरात मी बिस्किटं घेऊन आलो, तेव्हा माझ्यासोबत माझा जुळा भाऊही होता. लाल रंग तोच, झाकण तेच. बिस्किटं संपली आणि आमची नशिबं वेगळी झाली. भावाच्या पोटात रेंगिनांग गेले, चिकट तांदळाच्या खारट, तळलेल्या चकत्या. माझ्या पोटात कासियेम बूने, बू म्हणजे आई, तारा बसवल्या, बुडाशी हेडफोनची खोबण आणि आवाजाचं बटण लावलं. तारांवर भोकांची लाकडी फळी ठोकली, वरचं अर्धं पोट रिकामं ठेवलं. बारीक आवाज मोठा करून तिच्या कानात सोडायचा, हे माझं काम.

काम मानाचं होतं, नाही म्हणत नाही. बूची शाळा तिसरीत सुटली. पुढचं सगळं तिला लोकांच्या बिघडलेल्या रेडिओंनी शिकवलं. पंचेचाळीस वर्षं ती कानाने दुरुस्ती करते आहे. अशा बाईच्या कानाशी मी रोज असायचो.

पण ईद आली की माझा जीव जळायचा. पाहुणे आले की भाऊ चटईवर मधोमध जाऊन बसणार. या गावात बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं नसतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी प्रत्येक जण मोठ्या आशेने झाकण उघडतो, “हात्तिच्या, रेंगिनांग!” म्हणून हसतो आणि मूठभर उचलतो. किती हात! किती हसणं! मला हात लावायची ती एकटी बू, तोही बटणापुरता. मेला तो भाऊ, अंगात एक तार नाही, आणि मान केवढा!

यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी बू थोरल्या जावेकडे गेली. जाताना आवराआवर म्हणून मला भावाशेजारी मांडणीवर ठेवून गेली, बटण भिंतीकडे. अचानक पाहुणे आले. सून वुलान घाईत होती. तिने हाताला लागला तो डबा ओढला, आत लाकडी तळ दिसला, त्यावर रेंगिनांग ओतले आणि पळाली चहा करायला.

मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. चटईवर मिरवलो! एका म्हातारीला माझं बटण डब्याचं कुलूप वाटलं, तिने ते चार वेळा फिरवलं. मला गुदगुल्या झाल्या. फळीच्या भोकांतून मिठाचा चुरा आत झिरपत होता, त्याच्यामागून मुंग्या आल्या. मी म्हटलं, येऊ द्या, आपल्याकडेही पाहुणे!

पाहुणे गेल्यावर वुलानने मला रिकामा करून तसाच मांडणीवर परत ठेवला. पंधरा दिवसांनी माझी डावी बाजू मुकी झाली.

दुसऱ्याचं यंत्र असतं तर बूने हेडफोन उलटा घालून क्षणात निकाल लावला असता. मुकेपणा उजव्या कानाकडे सरकला तर दोष यंत्राचा, डावीकडेच राहिला तर कानाचा. तीन दिवस तिने हेडफोन हातात घेतला आणि सरळच घातला. उलटा घालायचं टाळून माझं बटणच तेवढं पुन्हा पुन्हा पिळत राहिली.

“उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ,” वुलान म्हणाली, “आणि दुकान बंद करा. ऐकू न येणाऱ्या बाईकडे कोण रेडिओ देणार?”

बूने हेडफोन उलटा केला. डोळे मिटले. घातला.

आधी एका कानावरची वाटी दाबली, मग दुसऱ्या.

“उजवीकडे सरकलं,” ती हळूच म्हणाली. मग हेडफोन थेट रेडिओला लावला. दोन्ही बाजू खणखणीत! “डबाच आहे गं, मेला!”

तिने माझ्या पोटातली फळी उचकटली. आत खारट चुरा, मुंग्यांच्या रांगा आणि मिठाने हिरवा पडून सुटलेला एक सांधा. बूने ब्रशने सगळं झाडलं, स्पिरिटने पुसलं, कथील वितळवून सांधा जोडला. चुऱ्यातला एक तुकडा उचलून तिने जिभेवर ठेवला.

“रेंगिनांग,” ती म्हणाली आणि सुनेकडे वळली.

वुलानचा चेहरा पडला. “मीच भरले, बू. डबे सारखे दिसतात हो... चुकलं माझं. आणि वर तुमच्याच कानाला... चुकलं, बू, खरंच चुकलं...”

तिचे डोळे भरून आले. बू तिच्याकडे ज्या मायेच्या नजरेने बघत होती, तशा नजरेने तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. भावाला विसरलो मी, त्या पोरीचाच हेवा वाटला.

“पुरे गं,” बू म्हणाली, “एकदा सांगितलेलं मला ऐकू येतं.”