उजव्या बाजूची तक्रार

मंडईमागच्या राममंदिरात कीर्तनसप्ताह सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी श्यामसुंदरराव कानिटकरांनी व्यवस्थापकांना लेखी तक्रार दिली : ‘उजवा कर्णा बंद आहे. भाविकांची अर्धी भक्ती वाया जाते.’

साउंडवाल्या शंभूनं वायर बदलली. तिसऱ्या दिवशी कर्णाच बदलला. तक्रार कायम! चौथ्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, “काका, जरा देवाकडं पाठ करून बसता का?”

“पाठ? देवाकडं?”

“दोनच मिनिटं. देव समजून घेईल. मी थकलोय.”

रामरायाची क्षमा मागून श्यामसुंदरराव उलटे बसले. आणि काय नवल! मुका कर्णा बोलू लागला, बोलका मुका झाला.

“म्हणजे कर्णे धडधाकट आहेत,” त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई बायकांच्या रांगेतून उठल्या. “कान गेलाय तुमचा. चला डॉक्टरकडे.”

“सप्ताह संपू दे की.”

“तोवर रामराया कान सांभाळून ठेवणार आहे का? रिक्षात बसा.”

डॉक्टर नीरजांनी कानात डोकावलं. “मळ नाही. आतली नस अचानक बसलीय. तीन दिवसांत आलात हे बरं, चक्कर नाही हेही बरं. वय एकाहत्तर आणि साखर वाढलेली, हे वाईट. कान परत येईल याची खात्री देत नाही. गोळ्या आजच सुरू. त्यांनी साखर आणखी चढते, म्हणून गोड बंद.”

“प्रसाद?”

“तो तिखट असतो का?”

श्यामसुंदररावांना पेढ्याचं दुःख नव्हतं. पण एका कानानं झांजांच्या गजरातून बुवांचे शब्द वेगळे काढता येत नव्हते. आख्यान ऐन रंगात आलं, की त्यांच्यापाशी नुसता कल्लोळ पोचायचा. चाळीस वर्षं ज्यावर जीव पोसला, तेच आता असं ऐकायचं?

दोन आठवडे त्यांनी गोळ्या नेमानं घेतल्या. मग तपासणी. बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. पहिल्याच मिनिटात त्यांनी नऊदा दाबलं.

“काका,” हेडफोनमधून डॉक्टरांचा आवाज आला, “मी अजून मशीन सुरू केलेलं नाही.”

ते ओशाळले. बटण मांडीवर ठेवून डोळे मिटले. उजवीकडे शांतता. पुन्हा शांतता. मग कुठूनसा, नदीपल्याडच्या देवळातून यावा तसा एक बारीक सूर उमटला.

काचेपलीकडून डॉक्टरांना त्यांच्या गालावरचं पाणी दिसलं.

“ऐकू आलं ना? मग बटण दाबा की!”

“हात जोडलेत हो,” श्यामसुंदरराव म्हणाले, “दाबू कशानं?”