राच मितच्या धक्क्यावरची नाव

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे आणि स्वस्थ पडून राहणे मला कधी जमलेले नाही. खुंटाला बांधले तरी मी डोलते. त्यातून माझ्या वाट्याला आलेले पाणी असे, की ते कधी निवांत झालेच नाही.

मेकाँग नदीचा एक फाटा राच मित गावाला वळसा घालून जातो. तिथे लाम नावाच्या नावाड्याने मला बांधले. लाकूड साओचे, पाण्यात न कुजणारे. फळ्यांच्या सांध्यांत त्याने राळ भरली आणि पुढे, नाळेच्या दोन्ही अंगांना, मोठे डोळे रंगवले. तो उभा राहून वल्ही मारायचा आणि त्याची मुलगी न्हान माझ्या पोटातले पाणी उपसायची.

ते १९४५ साल होते. जपानी हरले होते आणि त्यांच्याआधी आमच्यावर राज्य करणारे फ्रेंच अजून परतले नव्हते. एके सकाळी न्हानचा धाकटा भाऊ खुए बाजारातून धावत आला तो थेट माझ्यात उडी मारूनच.

"बाबा, स्वातंत्र्य! हनोईत जाहीर केलं! आणि सुरुवात कशानं केली माहितीये? अमेरिकेच्या जाहीरनाम्यातल्या वाक्यानं. सगळी माणसं समान जन्मतात म्हणून!"

"ही अमेरिका कुठं आली?"

"लांब आहे. पण तीही एकदा दुसऱ्यांच्या ताब्यात होती. इंग्रजांना हाकललं तिनं."

"मग आपलीच म्हणायची," लाम म्हणाला.

"आपली म्हणे!" न्हान हसली. "बोलवा आता जेवायला!"

तेव्हा मीसुद्धा आनंदाने डुलले होते.

पण फ्रेंच परत आले. नदीत त्यांच्या लोखंडी बोटी फिरू लागल्या. त्या जवळून गेल्या की मी हातभर उंच उडायचे आणि म्हाताऱ्या प्रवाशांच्या टोपल्या सांडायच्या. एकदा अशी एक बोट आमच्या धक्क्यापाशी गाळात रुतून बसली. तिच्यावरचा फ्रेंच झेंड्याचा रंग उन्हाने पोपडे धरून उडाला होता आणि खालून दुसरीच अक्षरे डोकावत होती.

"खुए, तुला वाचता येतं ना? काय लिहिलंय?" लामने हळूच विचारले.

"अमेरिका."

"म्हणजे आपलीच ती?"

"तीच. त्यांना फ्रेंचांचं राज्य आवडतं असं नाही, बाबा. पण चीनवर लाल झेंडा लागला. आपल्याकडचे पुढारीही लाल झेंड्याचे. फ्रेंच त्यांना सांगतात, आम्ही तोच झेंडा अडवतोय, द्या मदत. आणि ते देतात."

"झेंड्याचं नंतर बघू की. आधी हे फ्रेंच जाऊ देत!"

"तेच त्यांच्या कानावर जात नाही ना."

त्याच पावसाळ्यात फ्रेंच चौकीच्या वेठबिगारीला लामला नेले आणि तिथल्या तापात तो गेला. खुए जंगलात लढणाऱ्यांना जाऊन मिळाला. वल्ही न्हानच्या हाती आली. तिचे लग्न ठरत होते, ते मोडले. नवरा मुलगा म्हणाला, "नाव सोडून ये." ती गेली नाही.

१९५४ साली फ्रेंच हरले आणि निघून गेले. मोठ्या देशांनी बसून आमच्या देशाचे दोन तुकडे केले. उत्तर लाल झेंड्याकडे, दक्षिण सायगावच्या सरकारकडे. दोन वर्षांनी निवडणूक घेऊन दोन्ही जोडायचे, असा करार झाला. दक्षिणेतल्या लढवय्यांनी तोवर उत्तरेत जायचे होते. खुएला मोठ्या जहाजापर्यंत मीच पोचवले. चढताना त्याने दोन बोटे वर केली. सगळेच तसे करत होते. दोन वर्षांत येतो, एवढाच त्याचा अर्थ.

दोन वर्षे गेली. निवडणूक झाली नाही. ज्यांचे भाऊ उत्तरेत होते, त्यांच्या दारांवर सायगावचे पोलीस खुणा करू लागले. न्हान रोज धक्क्यावर बसून उत्तरेकडे बघायची आणि मग आपण बघतोय हे कुणाला कळू नये म्हणून खाली वाकून माझे कोरडे पोटच उपसायची.

त्या दिवसांत तो अमेरिकन आला. हॅस्किन त्याचे नाव. आमच्या बोलीत 'हात' म्हणजे गाणे; गावाने त्याच्या नावाचे 'हात' करून टाकले आणि तो झाला गाणेवाला साहेब. तो शेतकऱ्याचा मुलगा होता, ढोपरापर्यंत चिखलात उभा राहायचा. जातिवंत डुकरे आणि भाताचे नवे बियाणे वाटणे हे त्याचे काम. आमची भाषा तो सायगावला हनोईच्या एका निर्वासित बाईकडून शिकला होता. त्यामुळे डुकराला तो 'लन' म्हणायचा, उत्तरेतला शब्द. आम्ही दक्षिणेतले म्हणतो 'हेओ'.

"अहो गाणेवाले," मासळीवाली साउ आजी त्याला चिडवायची, "तुमचं लन उत्तरेत पाठवा. आमच्याकडं हेओच माजतात!"

तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मित्रांनो, मला तो आवडायचा, हे कशाला लपवू? माझी एक फळी झिरपत होती, ती त्याने स्वतः गुडघ्यावर बसून बुजवली. "सुंदर नाव आहे," तो म्हणाला. लामनंतर माझे कौतुक करणारा तो पहिलाच.

न्हानने एकदा वल्हे थांबवून त्याला विचारलेच. "साहेब, ती निवडणूक का झाली नाही?"

हॅस्किनने इकडेतिकडे पाहिले. "झाली असती तर उत्तरवाले जिंकले असते."

"मग जिंकू द्यायचं."

"तसं नाही ताई. हे बघा." त्याने खिशातल्या काड्यापेट्या काढून माझ्या फळीवर ओळीने उभ्या केल्या. "हा तुमचा देश. हा शेजारचा. हा त्याच्या शेजारचा. एक लाल झाला, पडला, की—"

तेवढ्यात मी नेहमीसारखी हलले आणि सगळ्या काड्यापेट्या आडव्या झाल्या.

"आता हे कुणी ढकललं?" न्हानने विचारले. "नदी नुसती हलली."

तो हसला, पण पेट्या गोळा करताना त्याचे कान लाल झाले होते.

१९६० साली भर दुपारी नारळांची कावड घेतलेला एक माणूस धक्क्यावर आला. शंकूसारखी टोपी डोळ्यांवर ओढलेली. हॅस्किन आधीच बसलेला होता. माणूस आत उतरला, आणि त्याच्या पावलांच्या भारावरून मी ओळखले. खुए! न्हाननेही ओळखले. तिच्या हातातले वल्हे माझ्या कडेवर आपटले.

"सावकाश, नावाडीणबाई," खुए म्हणाला. "बुडवताय काय?"

"बसा गप. नाव माझी आहे," ती म्हणाली. आवाज मात्र चिरकला.

समोरच्या काठावर चौकी होती. तिथला शिपाई प्रत्येकाचे तोंड बघून सोडायचा. हॅस्किनला काय त्याचे? त्याने कावडवाल्याला सिगारेट दिली आणि गप्पा सुरू केल्या. नारळ कसा लागलाय? घरी जनावरं काय?

"काही नाही साहेब. एक लन होतं, मेलं."

शब्द तोंडातून गेला. उत्तरेत काढलेली इतकी वर्षे जिभेवरून घसरली होती. इथला कुठलाच नारळवाला 'लन' म्हणत नाही. आणि हे त्या नावेत सगळ्यांत चांगले माहीत होते ते हॅस्किनला. गावाने त्याला त्याच शब्दावरून तर हसून हसून शिकवले होते.

न्हानने वल्ही उचलली ती पाण्यात टाकलीच नाहीत. मी मध्यधारेत आडवी झाले. खुएचा हात कावडीखाली गेला. हॅस्किनने त्याच्याकडे पाहिले, मग न्हानकडे. दोघांची एकसारखी हनुवटी त्याला त्या क्षणी दिसली असावी. तो एवढेच म्हणाला, "वल्हवा ताई. नाव वाहत चाललीय."

काठावर शिपायाने विचारले, "हा कोण?"

"माझ्याबरोबर आहे," हॅस्किन म्हणाला. "याची डुकरं बघायला निघालोय."

शिपायाने वाट दिली. माडांच्या आड गेल्यावर खुए एका वाटेने गेला आणि हॅस्किन दुसऱ्या. न्हान माझ्यात बसून रडली. भाऊ आला म्हणून, की तो असा आला म्हणून, मला सांगता येत नाही.

तुम्हाला वाटेल, आता सगळे ठीक झाले असेल. तसे झाले नाही. खुएच्या साथीदारांनी चौकी जाळली. सायगावच्या सरकारने अमेरिकेकडे आणखी मदत मागितली. आकाशातून हेलिकॉप्टरे आली, त्यांत अमेरिकन लष्करी सल्लागार. मग हुकूम निघाला, की राच मितची घरे मोडायची, सगळ्यांनी काटेरी कुंपणाच्या नव्या वस्तीत राहायचे आणि धक्क्यावरच्या नावा फोडून टाकायच्या, म्हणजे बंडखोरांना वापरता येणार नाहीत.

सैनिकांबरोबर हॅस्किनही आला. नव्या वस्तीत डुकरे वाटायची होती त्याला. आता त्याच्या कमरेला पिस्तूल होते. ते वागवायची सवय नसल्याने तो सारखा पट्टा सारखा करत होता.

"हे तुम्हाला पटतं?" न्हानने विचारले.

"नाही. मी वर लिहून कळवलं होतं. सैन्य नको, बियाणं पाठवा म्हणून."

"मग?"

"त्यांनी दोन्ही पाठवलं."

"तुम्ही तरी परत जा ना, साहेब."

"आत्ता कसा जाऊ? ज्यांनी माझी डुकरं घेतली त्यांना बंडखोर धमक्या देतात. त्यांना टाकून? आणखी एक वर्ष, ताई. मग जातो."

न्हान माझ्या दोराच्या गाठीशी वाकली. "तुम्ही वाईट नाही. पण तुम्ही आलात, तुमच्यामागून हे आले. आता यांच्यामागून कोण येणार?"

सैनिक वरच्या अंगाच्या नावा कुऱ्हाडीने फोडत खाली सरकत होते. न्हानने मला सोडले आणि माडांमधल्या अरुंद ओढ्यात नेले. माझ्या पोटात तिने चिखल भरला, दगड भरले. "रागावू नकोस गं," म्हणाली, आणि स्वतःच्या हातांनी मला बुडवले.

गाळाखाली मी नुसती ऐकत पडले. आधी सल्लागारांच्या बोटी, मग अमेरिकन फौजांच्या. एकदा शेजारीच स्फोट झाला आणि काहीतरी तापलेले माझ्या कुशीत घुसले. ओरडायला तोंड नव्हते. किती वर्षे गेली, मला कळले नाही.

१९७५ साली उत्तरवाले जिंकले आणि युद्ध संपले, तेव्हा न्हानने माणसे जमवून मला वर काढले. तिचे केस पांढरे झाले होते. खुए लढाईत पडला होता आणि त्याची जागाही कुणाला माहीत नव्हती. हॅस्किनचे काय झाले ते तिला कधीच कळले नाही. माझे डोळे गाळाने पुसून गेले होते.

म्हाताऱ्या सुताराने कुशीतल्या लोखंडाच्या तुकड्यावर नख घासले. "काढायला गेलो तर फळी फुटेल. कुणाचा असेल गं हा? अमेरिकेतला, का उत्तरवाल्यांना मिळालेला रशियातला?"

"राहू दे," न्हान म्हणाली. "पाणी झिरपतंय का, तेवढं बघ."

तो तुकडा अजून आहे. त्याच्या बाजूला मी थोडी कलते. न्हान पलीकडे बसली की सरळ होते.

मित्रांनो, दुसऱ्याच्या नावेत चांगल्या मनाने जरूर चढा. फक्त चढण्याआधी वल्ही ज्याच्या हातात आहेत त्याला विचारा, की बाबा, तुला कुठे जायचे आहे? आणि तो सांगेल ते ऐका. आम्हा नावांना दुसरी काही निगा लागत नाही.