कानसेन मिस्त्री

“मार सेल्फ,” बॉनेटखालून मिस्त्री म्हणाले.

लेकीने किल्ली फिरवली. सकाळपासूनची ही कितवी तरी वेळ. गाडी जागची हलली नाही.

“मेली एकदाच टक् करते आणि गप्प बसते! ना घरघर, ना कुरकुर!” दोरीवर चादर वाळत घालता घालता मिस्त्रीणबाई गाडीवर डाफरल्या. राग गाडीवर होता, पण तोंड नवऱ्याकडे होतं आणि प्रत्येक शब्द त्यांनी नीट ओठ हलवून, सुटा सुटा उच्चारला होता.

“हं. एकदाच टक्,” मिस्त्रींनी मान डोलावली. “दिवेही मंद होत नाहीत. म्हणजे दोष बॅटरीचा नाही.”

बाजारात मिस्त्रींना सगळे ‘कानसेन’ म्हणायचे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हा माणूस जेवता जेवता सांगायचा, हिचा पट्टा सैल झालाय, नाहीतर हिचं एक चाक रडतंय. बॉनेट उघडायचं ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मग त्या कानांना काय झालं कोण जाणे, ते हळूहळू बसत गेले. आता कुणी समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून कळायचं. पाठीमागे कुणी ढोल बडवला असता तरी पत्ता लागला नसता. यंत्र लावून पाहिलं, पण गॅरेजच्या ठोकाठोकीत ते कानात नुसतं किंचाळायचं. ते कपाटात गेलं आणि त्या दिवसापासून नवरा-बायकोत पुन्हा तो विषय निघाला नाही.

मिस्त्रीणबाई मात्र काही ना काही निमित्त काढून गॅरेजमध्ये उभ्या राहू लागल्या. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आवाज त्यांना बरोब्बर सांगता यायचा. खुळखुळ, किरकिर, फुसफुस, रिकाम्या डब्यात खिळा पडावा तसं, कुणीतरी झोपेत दात खावेत तसं. बाई मूळच्या अबोल. नवऱ्याचे कान गेल्यापासून त्यांच्या तोंडाला खळ नव्हती. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री मोठा सहनशील माणूस आहे.

लेक दोन दिवसांसाठी आली होती. काल संध्याकाळी ताटं पुसताना तिने आईला सरळ विचारलं होतं.

“बाबांना ऐकू येत नाही ना? खरं सांग.”

“तुझं काहीतरीच! टाचणी पडली तरी कळतं त्यांना.”

“आई, गाडीखाली झोपलेल्या माणसाला हाक ऐकू आली नाही तर काय होईल? मला रात्र-रात्र झोप लागत नाही. तसं असेल तर गॅरेज बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं. मग मी तुमचं कुणाचं ऐकणार नाही.”

पोरीचं चुकत नव्हतं, हेच तर मोठं दुखणं होतं. पण गॅरेज बंद म्हणजे हा माणूस दिवसभर खिडकीत बसून काय करणार? मिस्त्रीणबाई रात्रभर कूस बदलत राहिल्या. आणि सकाळी उठून बघतात तर लेकीच्याच गाडीने मान टाकलेली.

आता तीच लेक गाडीत बसून आईच्या बडबडीकडे संशयाने बघत होती.

“आई, तू आत जा बघू. चहा ठेव. मला निघायला उशीर होतोय.”

“ही एवढी चादर...”

“चादर मी घालते. जा तू.”

जाण्यावाचून इलाज नव्हता. मिस्त्रीणबाई आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटल्या. तिथून त्यांना सगळं दिसत होतं. मिस्त्रींना मात्र त्या दिसत नव्हत्या.

“मार सेल्फ,” मिस्त्री म्हणाले.

लेकीने किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही. दोन क्षण थांबून तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मिस्त्रींनी बॉनेटच्या कडेने तिच्याकडे पाहिलं.

“मारला, बाबा. कसा वाटला आवाज?”

स्वयंपाकघराच्या खिडकीत मिस्त्रीणबाईंनी हातातलं गाळणं घट्ट धरलं. आता हे म्हणणार, टक् आला. संपलं सगळं.

“कुठे मारलास?” मिस्त्री म्हणाले. “नीट फिरव की.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. लेक चाट पडली. तिने या वेळी खरोखर सेल्फ मारला, मग हळूच उतरून बापाच्या मागे जाऊन उभी राहिली.

मिस्त्रींचे डोळे मिटलेले होते. डावा तळवा इंजिनावर सपाट टेकलेला. उजव्या हाताची बोटं इंजिनापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत गेलेल्या जाड वायरवरून सरकत सरकत एका टोकाशी थांबली.

“तापलीय,” ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला.

“बाबा,” लेक पाठीमागून म्हणाली. मग जरा मोठ्याने, “बाबा, गॅरेज बंद करू या का?”

मिस्त्री गुणगुणत नट सोडवत होते. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने खिडकीकडे पाहिलं. आई हातात गाळणं धरून उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आता लपवण्यासारखं काहीच उरलं नाही.

लेकीने डोळे पुसले. मागून खांद्यावर हात ठेवायचा तिला मोह झाला, पण ते दचकतील म्हणून ती गाडीला वळसा घालून बापाच्या समोर आली.

“सापडलं?” तिने सावकाश विचारलं.

“हे बघ. बॅटरी ठणठणीत, स्टार्टर ठणठणीत. पण करंटला परत जायची वाटच गंजलीय. मग बिचारी निघणार कशी?” त्यांनी पॉलिश पेपरने टोक घासून लखलखीत केलं, नट आवळला आणि लेकीचा हात धरून इंजिनावर ठेवला. “आता आईला सांग सेल्फ मारायला.”

मिस्त्रीणबाई धावतच आल्या. किल्ली फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली.

“सुरू झाली हो! काय छान, अगदी एकसुरी...” त्या गाडीतून ओरडल्या.

“कळतंय?” मिस्त्रींनी लेकीला विचारलं.

“कळतंय, बाबा.” तिच्या तळव्याखाली इंजिन थरथरत होतं. बापाइतकं खूश तिने कित्येक दिवसांत कुणाला पाहिलं नव्हतं.

चहा घेताना तिने आईला कोपऱ्यात गाठलं. “कुणी आत आलं की पेटेल असा दिवा बसवून घे गॅरेजमध्ये. आणि तू जवळ नसशील तर त्यांनी गाडीखाली शिरायचं नाही. बजावून सांग.”

“म्हणजे बंद नाही ना करायचं?”

“नाही,” लेक म्हणाली. “पण मला काळजी वाटणारच.”

ती निघाली तेव्हा दोघं फाटकापाशी उभी होती. वळणावर हॉर्न वाजवून जायची तिची पहिल्यापासूनची पद्धत. अलीकडे हॉर्न वाजला की मिस्त्रीणबाई नवऱ्याच्या कोपराला हळूच बोट लावायच्या, मग मिस्त्री हात हलवायचे. आजही त्यांचं बोट तयार होतं. पण हॉर्न वाजलाच नाही. वळणावर गाडी क्षणभर थांबली आणि तिचे मागचे दोन्ही पिवळे दिवे एकदम लुकलुकले, पुन्हा लुकलुकले.

मिस्त्रींनी आपणहून हात वर केला. गाडी दिसेनाशी झाली तरी तो तसाच होता.

“तिला कळलं,” ते म्हणाले.

मिस्त्रीणबाई त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एक शब्दही न बोलता त्यांनी नुसती मान हलवली.