बारा मुलांसाठी आणलेली खोली

मित्रांनो, मी एक जुनी वर्गखोली आहे. पण शाळेच्या इमारतीतली नव्हे, अंगणातली. माझ्या भिंती लाकडी, छप्पर सपाट आणि दाराशी तीन पायऱ्या. माझे दोन भाग करून मला ट्रकवर घालता येतं. जिथे मुलं जास्त होतील तिथे क्रेनने उतरवलं की झाली शाळा मोठी. दगडी वर्ग मला कधी आपल्यात धरत नाहीत. न धरोत बापडे! त्यांनी आयुष्यात रस्ता तरी कुठे पाहिलाय?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्याच आठवड्यात आणखी सहा जणी तयार झाल्या. त्या कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. मी पाच वर्षं टिकेन असं माझ्या कागदावर लिहिलं होतं. आज मला बेचाळीस वर्षं झाली.

सुरुवातीला मी एका गजबजलेल्या गावात होते. गिरणीच्या कामासाठी तिथे तरुण जोडपी राहायला आली होती आणि शाळेत मुलं मावेनात. माझ्यात चौतीस मुलं बसायची. ओल्या कोटांचा आणि डिंकाचा वास दिवसभर माझ्यात कोंडलेला असे. तपासणीला आलेले एक गृहस्थ म्हणाले होते, "दगडी वर्गांपेक्षा इथेच ऊब आहे." हे वाक्य मी कितीतरी वर्षं मनात घोळवलं. पुढे गिरणी बंद पडली, जोडपी निघून गेली, पाळणे हलेनासे झाले. मला मात्र कुणी हलवलं नाही. नऊ वर्षं माझ्यात मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. एकटेपणाची सवय होते असं म्हणणाऱ्यांनी मोडक्या खुर्च्यांबरोबर एक हिवाळा काढून पाहावा.

मग इद्वाल प्रोबर्ट आले. ते आमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या परिषदेत काम करायचे. कोणत्या गावात चार वर्षांनी किती मुलं शाळेत येतील, हे आधीच सांगायचं, हे त्यांचं काम. ते जन्मांची नोंद पाहायचे, नवी घरं किती बांधली जाताहेत ते पाहायचे. नव्या चार घरांमागे एक मूल, असा त्यांचा ठरलेला हिशेब होता. वेल्सच्या किनाऱ्यावर पोर्थ हेलिग नावाच्या गावात अठ्ठेचाळीस घरं बांधून होत आली होती. म्हणजे बारा मुलं. तिथल्या शाळेत आधीच अकरा होती, वर्ग एकच आणि शिकवणाऱ्या नेरिसबाईही एकट्याच. इद्वालनी माझ्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, "चल म्हातारे, तुझं काम निघालंय."

माझा आनंद काय वर्णावा! मला हिरवा रंग दिला, गळकं छप्पर दुरुस्त केलं. नेरिसबाईंनी माझ्या भिंतीवर कोट अडकवायला बारा नव्या खुंट्या ठोकल्या. मुलांची नावं अजून माहीत नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक खुंटीशेजारी एकेक चित्र चिकटवलं. खेकडा, होडी, समुद्रपक्षी, असं काहीबाही.

सप्टेंबर उजाडला आणि एकही नवं मूल आलं नाही.

नवी घरं विकली गेली होती, पण ती बहुतेक लांबच्या शहरांतल्या लोकांनी घेतली होती. ते उन्हाळ्यात दहा दिवस यायचे, समुद्रावर हुंदडायचे आणि भाड्याने येणाऱ्या पाहुण्यांसाठी दाराशेजारच्या छोट्या पेटीत किल्ली टाकून निघून जायचे. मी ऑक्टोबरभर वाट पाहिली. कुणाला तरी उशीर झाला असेल, अशी मीच माझी समजूत काढत होते.

शेवटी नेरिसबाईंनी वाचनाचा तास माझ्यात घ्यायला सुरुवात केली. त्या तासाला माब्ली यायची. ती सहा वर्षांची होती आणि तिच्या वयाचं दुसरं कुणी शाळेत नव्हतं. ती रोज वेगळ्या खुंटीवर कोट अडकवायची. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "एकीलाच मिळाला तर बाकीच्यांना वाईट वाटेल ना!" मित्रांनो, तेव्हापासून ती माझी झाली.

पण त्या घरांनी आणखी एक गोष्ट केली. पाहुण्यांकडून आठवड्याला जे भाडं मिळतं ते भाडेकरूंकडून महिन्यातही मिळत नाही, हे गावातल्या जुन्या घरमालकांच्या लक्षात आलं. दोन कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्यांची चार मुलं त्यांच्याबरोबर शहरात गेली. अकराची सात झाली. दहाच्या खाली आकडा गेला की शाळा ठेवायची की नाही याचा विचार करायचा, असा परिषदेचा नियम होता. जी घरं मुलं आणणार होती, तीच मुलं घेऊन गेली.

गावाची सभा माझ्यातच भरली. इद्वाल समोर बसले होते. कुणीतरी त्यांना चहा आणि मनुका घातलेल्या पावाचा तुकडा दिला होता, तो तसाच राहिला.

"काय हो इद्वाल," होडीवाले एम्रिस आजोबा म्हणाले, "नोव्हेंबरात यायचं होतंत की मोजायला! संध्याकाळी अठ्ठेचाळीसांपैकी तीन घरांत दिवे लागतात. त्यातलं एक माझ्या बहिणीचं. ती एकोणऐंशीची आहे. तिच्याकडून काही आशा होती की काय तुम्हाला?"

सगळे हसले. माब्लीची आई एर्लिस तेवढी हसली नाही.

"मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "त्यातली नऊ घरं मी झाडते. वाळूत खेळायच्या बादल्या ढीगभर सापडतात. दप्तर एका घरात नाही. शाळा बंद झाली तर माझी मुलगी बसने चाळीस मिनिटं लांब जाणार. तिच्याबरोबर कोण असणार, तेही सांगा ना मोजून."

इद्वालनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी घरं मोजली. राहणार कोण, ते विचारलं नाही."

"आता शाळा ठेवणार का?" एर्लिसने विचारलं.

"ते माझ्या हातात नाही, बाई."

दोन वर्षांनी जुलैमध्ये शाळा बंद झाली. दगडी इमारत विकली गेली आणि तिच्याही दाराला किल्लीची पेटी लागली. मला कुणी विकत घेतलं नाही. मी अंगणाच्या कोपऱ्यात उभीच राहिले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. दगडी वर्गाशी मी भांडायचे, तेवढंही उरलं नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी इद्वाल परत आले. मला मोडीत काढायचं होतं, त्याचा कागद भरायला. 'वापरात आहे काय?' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' असं लिहिलं आणि मान वर केली, तर माझ्या पायरीवर माब्ली बसलेली. आता ती आठ वर्षांची होती. बस माझ्यासमोरच थांबते आणि गावातून त्या बसने जाणारी ती एकटीच आहे. समोरच्या घराच्या काचा पुसत तिची आई लक्ष ठेवून असते.

"तुम्ही ते मोजणारे काका ना?" तिने विचारलं.

"हो गं."

"आज काय मोजताय?"

"ही खोली कुणी वापरतं का, ते लिहायचंय."

"मी वापरते की! पाऊस आला की आत उभी राहते. कडी मोडलीय. पण सांगू नका हं कुणाला." मग ती कागदात डोकावली. "इथे 'नाही' का लिहिलंत? मी आहे ना?"

इद्वालनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग 'नाही' खोडून त्यांनी लिहिलं, 'आहे. एक मुलगी.'

बस आली. माब्ली चढली आणि खिडकीतून हात हलवत गेली. इद्वाल मात्र कितीतरी वेळ पायरीवर बसून होते.

मित्रांनो, मला मोडलं जायची भीती वाटत नाही. माझं वय झालं आहे. पण तुमच्या गावात कधी कुणी वही घेऊन मोजायला आलं, तर त्याला घराबाहेरून जाऊ देऊ नका. आत बोलवा, बसवा, घरात कोण कोण राहतं ते नावानिशी सांगा. माझ्यासाठी म्हणाल, तर एवढंच करा. माब्लीच्या बसमध्ये चढलात, तर तिच्या शेजारी बसा.