कप्प्यातली गल्ली

संप सुरू झाला आणि भुसावळात इंजिनाची शिट्टी बंद झाली. नवी नवरी म्हणून या रेल्वे क्वार्टरात आले तेव्हा शिट्ट्यांमुळे झोप येत नव्हती, आता शिट्टी नाही म्हणून येईना. माणसाच्या जिवाचं काय खरं आहे, सांगा!

चौऱ्याहत्तरचा मे महिना. आमचे हे, लीलाधर, सिग्नलच्या केबिनमध्ये कामाला आणि युनियनमध्ये सगळ्यांच्या पुढे. पुढे असणाऱ्यांना धरून नेत होते. आमच्या ओळीतल्या अभिमनभाऊंना नेलं, कुठे ठेवलंय ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. आणि हे तर नुकते काविळीतून उठलेले, ताकाभातावर आलेले. यांना कोठडीत टाकलं तर हे परत यायचे नाहीत, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं.

लपायला घरातून निघताना हे म्हणाले, "कप्प्यातले युनियनचे कागद जाळून टाक." मी जाळले. बंब तापला, आंघोळीचं पाणी कढत झालं. पण भिंतीवरच्या पुस्तकांच्या कप्प्यात मधोमध भलं मोठं भगदाड पडलं, पुढचे दात पडल्यासारखं. उरलेली पुस्तकं सरकवली तर ती आडवी लोळायला लागली. झडतीला येणारा पहिलं विचारणार, बाई, इथलं काय काढलंत?

म्हणून मी चपलांचा एक खोका उभा केला आणि त्या भगदाडात बसेल अशी शोभेची गल्ली करायला घेतली. लहानपणापासून मला हा नाद. भुसा घातलेल्या मातीच्या भिंती, वर दंतमंजनाची सफेदी. काडेपेटीचं दार, विहिरीचा रहाट दोऱ्याच्या रिळाचा, कोपऱ्यावर चिंचोक्याला शेंदूर लावून मारुती. कुठली तरी गल्ली करावी असं मनात होतं, पण हात मेले ऐकतील तर ना! दार हिरवं झालं, शेजारी गोठा झाला, गोठ्यावर माळा, माळ्याला काड्यांची शिडी, वर केरसुणीच्या हिरांचा कडबा. पाहते तर काय, बोदवडचं माझं माहेर, आबांचं घर!

"दादला परागंदा अन् हिले पोरखेळ सुचते," अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची जीभ म्हणजे हिरवी मिरची.

मग माझा भाऊ पंडित एसटीनं आला. कानाशी लागून म्हणाला, "दाजी आपल्या गोठ्याच्या माळ्यावर आहेत. आपल्या घराची झडती होऊन गेली, आता कोणी परत येत नाही." माझ्या जिवात जीव आला. त्याच आनंदात मी परातीतली चिमूटभर कणीक घेतली, बोटाच्या पेराएवढा माणूस केला, त्याला यांच्या जुन्या शर्टाची निळी चिंधी गुंडाळली आणि गल्लीतल्या माळ्यावर कडब्यात निजवला. येताजाता बघायचं, आहेत ना? आहेत. वेडेपणा म्हणा हवं तर.

अक्कांनी पाहिलं आणि त्या कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. "अवं, जित्या मानसाचं पिठाचं करते का कोनी? ज्याची माती सापडत नाही, त्याचं करतात पिठाचं. अन् जाळतात."

मी माणूस काढायला हात घातला, तर तो वाळून कडक झालेला. अक्का ओरडल्या, "हात नको लावू! मोडला तं माह्या लेकाचं काही बरंवाईट होईन." आता ठेवायचीही भीती आणि काढायचीही भीती. शेवटी देवापाशी दिवा लावला.

पोलीस आले त्या दिवशी अंगणात बाजेवर ज्वारीच्या बिबड्या वाळत होत्या. तोताराम जमादार आणि दोन शिपाई. माणूस उद्धट नव्हता, खोटं कशाला बोलू. डबे पाहिले, गाद्या उलट्या केल्या, आणि जमादार कप्प्यापाशी जाऊन उभा राहिला.

"अरे वा!" त्यानं खोका काढून हातात घेतला. "कोणी केलं हे? आणि हे... हे तर बोदवडचं घर! तुमच्या आबांचं. मीच गेलो होतो झडतीला."

मी दाराची चौकट धरली.

"हुबेहूब हो बाई. हिरवं दार, गोठा... माळासुद्धा! तिथली शिडी मोडलेली होती, आम्ही वर चढलोच नाही." बोलता बोलता त्यानं कडब्यात बोट घातलं आणि निळ्या शर्टाचा माणूस तळहातावर घेतला. हसू मावळलं. "हा कोण ठेवलाय वर?"

आता संपलं, आता हे सापडले.

"कोन राहीन?" अक्का ताडकन उठल्या. "रेशनले गहू मिळत नाही, लोकं भुके मरून राह्यले, अन् ही महामाया कनकेचे बाहुले करते! आन इकडे!" त्यांनी जमादाराच्या तळहातावरून माणूस उचलला आणि सरळ तोंडात टाकला. चिंधीसकट. उरलेल्या चार दातांनी कडाकडा चावला, डोळे मिटले आणि गिळला. मग माझ्याकडे वळून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. आईनं काय शिकवलं, बापानं काय शिकवलं, काही बाकी ठेवलं नाही.

जमादार आधी बावरला, मग हसला. सासू-सुनेच्या भांडणात पोलीससुद्धा पडत नाहीत. "आजी, पोटात दुखेल हो," म्हणाला. खोका जागेवर ठेवला आणि शिपायांना म्हणाला, "चला, इथं काही नाही."

ते ओळीच्या टोकाला वळले तशी मी शेजारच्या झुलालला एसटीनं बोदवडला पिटाळलं. म्हटलं, आबांना सांग, यांना आधी माळ्यावरून हलवा. मग घरात आले आणि रडूच फुटलं. "अक्का, मोडला तर बरंवाईट होईल असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात पोटावर.

"मोडला कुठी? ठेवला," त्या म्हणाल्या. "नऊ महिने अठीच तं व्हता तो. तवा कोनाले सापडला व्हता?"

मी पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तोंडाला लावला, तर तो दातांवर कडकड वाजत होता.